डेस्कटॉपवरचा आयकॉन दाबला की भलताच प्रोग्राम उघडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

मागच्या दिवाळीच्या तोंडावर, सकाळी पावणेदहाला मामांचा फोन. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत त्यांचं भुसार मालाचं दुकान आहे, दिवाळीच्या आधी तिथं बसायला पोतं पण मोकळं नसतं. म्हणाले, "आरं भाच्या, टॅली दाबली की नारंगी टोपी येतीया. कॅल्क्युलेटर दाबला तरी टोपीच. समदीकडं टोप्या झाल्यात बघ."

दुपारी गेलो तर खरंच, स्क्रीनवर बावीस-तेवीस आयकॉन आणि सगळ्यांवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरचा तो रस्त्याच्या कामाजवळ ठेवतात तसला नारंगी शंकू. खाली नावं जिथल्या तिथं, टॅली, उधारी, जीएसटी, वजनकाटा, पण काहीही दाबलं की व्हीएलसी उघडायचा आणि काळी खिडकी दाखवून गप्प बसायचा. फक्त दोन आयकॉन शाबूत होते, कॉम्प्युटर आणि रिसायकल बिन. हे दोन का वाचले ते नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी पोचायच्या आधी मामांनी एका रिपेरीवाल्याला पण फोन केलेला, त्यानं न बघताच सांगितलं की विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल, मशीन दोन दिवस ठेवून जावा. ऐन सीझनमधे दोन दिवस! आणि डेटाचं काय विचारलं तर "बघू". मला राग आला तो याचाच, कारण या दुखण्यात विंडोजला काहीही झालेलं नसतं, प्रोग्रामला काही झालेलं नसतं, डेटाला तर अजिबात नाही. रजिस्ट्रीतली (विंडोज स्वतःच्या नोंदी ठेवतं ती वही) एक नोंद उडवली की काम होतं. मामांकडं पंधरा मिनिटं लागली, त्यात चहा पण आला.

तर आता सविस्तर सांगतो. पण "आयकॉन दाबला की भलतंच उघडतं" हे एक दुखणं नाही, चार-पाच वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं, म्हणून आधी आपलं कुठलं ते ओळखा.

शॉर्टकट म्हणजे नक्की काय

डेस्कटॉपवर जे दिसतं तो प्रोग्राम नसतो, ती एक चिठ्ठी असते. बारक्या बाणाचं चिन्ह असलेला प्रत्येक आयकॉन म्हणजे एक-दोन केबीची फाईल, तिच्यात लिहिलेलं असतं की खरा प्रोग्राम अमुक ड्राईव्हच्या तमुक फोल्डरमधे आहे. विंडोज ९५ पासून हे असंच चाललंय. या फाईलचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटचं टिंबानंतरचं शेपूट, डॉट एलएनके, पण ते तुम्हाला कधी दिसणार नाही, फोल्डर ऑप्शनमधे जाऊन एक्स्टेन्शन दाखवा म्हणून सांगितलं तरी दिसत नाही, कारण विंडोजनं ते मुद्दाम झाकलंय. त्यामुळं ही पण एक फाईलच आहे हेच लोकांच्या ध्यानात येत नाही.

आणि फाईल म्हटलं की ती कशात उघडायची हा प्रश्न आला. एमपी३ गाण्याच्या प्लेयरमधे, पीडीएफ रीडरमधे, तशी डॉट एलएनके कशात उघडायची याचीही नोंद विंडोजकडं असते. नेहमी त्याचं उत्तर असतं की ही चिठ्ठी आहे, वाच आणि सांगितलेल्या पत्त्यावर जा. पण कुणीतरी एखाद्या शॉर्टकटला "ओपन विथ" करून व्हीएलसी निवडला आणि खालची "ऑल्वेज" वाली टिक तशीच ठेवून ओके दाबलं, की विंडोज समजतं इथून पुढं सगळ्या चिठ्ठ्या व्हीएलसीलाच द्यायच्या. झालं, समदीकडं टोप्या. कॉम्प्युटर आणि रिसायकल बिन वाचले कारण ते डॉट एलएनके फाईल नाहीतच, विंडोजनं स्वतः तिथं मांडलेल्या वस्तू आहेत.

विंडोज ७ मधे हे लईच सहज व्हायचं, आणि मामांचं मशीन अजून ७ वरच आहे (सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, सांगून थकलो, "चालतंय की" एवढंच उत्तर). १० आणि ११ मधे कमी होतं, पण होतं.

आधी ही तपासणी करा

सगळे आयकॉन बिघडलेत का एकच? हा पहिला प्रश्न. एकच असेल तर रजिस्ट्रीच्या वाटेला जाऊ नका, थोडं खाली "एकच शॉर्टकट बिघडलाय" तिथं जा.

सगळे बिघडले असतील तर कीबोर्डवर विंडोजचं बटन आणि आर एकत्र दाबा, रनची छोटी चौकट येईल, त्यात इंग्रजीत नोटपॅड टाईप करून एंटर मारा. नोटपॅड बरोबर उघडला म्हणजे प्रोग्राम ठणठणीत आहेत, फक्त चिठ्ठ्यांची भानगड आहे. स्टार्ट मेनूतून उघडून बघू नका, त्यानं काही कळत नाही, कारण स्टार्ट मेनूतली बरीचशी नावं आणि टास्कबारवर पिन केलेले आयकॉन हे पण आतून शॉर्टकटच असतात, ते पण बिघडलेलेच असणार. रनची चौकट मात्र थेट प्रोग्रामला हाक मारते.

आणि जर रनमधून नोटपॅड टाकला तरी तोच भलता प्रोग्राम उघडला तर मग डॉट ईएक्सईची (खुद्द प्रोग्रामच्या फाईलीचं एक्स्टेन्शन) नोंद बिघडलीय, ते वेगळं आणि जरा जड प्रकरण, त्याबद्दल शेवटी.

तोवर दुकान बंद ठेवायची गरज नाही. विंडोज बटन आणि ई दाबून एक्सप्लोरर उघडा, प्रोग्राम ज्या फोल्डरमधे टाकलाय तिथं जा आणि मूळ प्रोग्रामवरच डबल क्लिक करा, चालतो. मामांची टॅली मी आधी अशी चालू करून दिली, गिऱ्हाईक खोळंबलेलं होतं, मग बाकीचं काम हातात घेतलं.

सगळे शॉर्टकट एकाच प्रोग्राममधे उघडतायत

रनच्या चौकटीत रेजएडिट टाईप करा, आर ई जी ई डी आय टी, सलग, मधे जागा नाही. एंटर मारला की परवानगी विचारेल, येस करा. डाव्या बाजूला फोल्डरांसारखं झाड दिसेल, हीच रजिस्ट्री. इथल्या फोल्डरला की म्हणतात. लोक रजिस्ट्रीला उगाच घाबरतात, आणि काही उगाच घाबरत नाहीत, दोन्ही चूक. सांगितलेल्या जागेलाच हात लावायचा, एवढं पाळलं की बास.

आता डावीकडं एचकी करंट युजर उघडा, त्याच्यात सॉफ्टवेअर, त्याच्यात मायक्रोसॉफ्ट, त्याच्यात विंडोज. इथं एक फसायची जागा आहे, विंडोजच्या आसपास विंडोज एनटी नावाची पण की असते, तिच्यात शिरू नका, नुसतं विंडोज. मग करंटव्हर्जन, मग एक्सप्लोरर, मग फाईलएक्स्ट्स. फाईलएक्स्ट्स उघडलं की एक्स्टेन्शनची लांबच लांब यादी येईल, सगळी डॉटनं सुरू होणारी, एबीसीडीच्या क्रमानं. त्यात डॉट एलएनके शोधा. पहिलं अक्षर छोटं एल आहे, ते स्क्रीनवर मोठ्या आय सारखं दिसतं, त्यामुळं आयच्या जागी शोधत बसाल, एलच्या जागी बघा.

सापडलं की आधी डॉट एलएनके या कीवर राईट क्लिक करून एक्सपोर्ट करा, म्हणजे आत्ता जसं आहे त्याची एक प्रत फाईलमधे जाईल. डेस्कटॉपवर सेव्ह करू नका. का ते शेवटी सांगतो, त्यात माझीच फजिती झालीय.

आता डॉट एलएनके उघडून आत बघा. दोन-तीन कीज असतील, त्यात एकीचं नाव युजरचॉइस. तिच्यावर क्लिक केलं की उजवीकडं प्रोगआयडी नावाची ओळ दिसेल आणि तिच्यासमोर गुन्हेगाराचं नाव. मामांच्या मशीनवर तिथं व्हीएलसी होतं, तुमच्याकडं नोटपॅड असेल, वर्डपॅड असेल, फोटो व्ह्यूअर असेल, जो काही उघडत असेल तो. म्हणजे आपण बरोबर जागी आलोय. धडधाकट मशीनवर डॉट एलएनकेच्या आत युजरचॉइस नसतेच, त्यामुळं ती काढून टाकली तरी काही जात नाही. युजरचॉइसवर राईट क्लिक, डिलीट, येस. फक्त युजरचॉइस, बाकी काही नाही. बाजूची ओपनविथप्रोगआयडीज नावाची की राहू द्या.

कधी कधी डिलीट करताना एरर येते, परवानगी नाही म्हणून. घाबरू नका, विंडोज या कीवर स्वतःच एक कुलूप लावून ठेवतं, एखाद्या प्रोग्रामनं गुपचूप बदल करू नये म्हणून. राईट क्लिक करून परमिशन्समधे जा, तुमच्या नावासमोर डिनायच्या रांगेत टिक दिसेल, ती काढा, अप्लाय, आणि परत डिलीट.

मग एक्सप्लोरर नव्यानं सुरू करायचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर येतो. विंडोज ८, १० नि ११ मधे यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधून राईट क्लिक, रीस्टार्ट. विंडोज ७ मधे रीस्टार्ट नाही, तिथं प्रोसेसेसमधला एक्सप्लोरर एंड करायचा, स्क्रीन मोकळी होईल, टास्कबार गायब होईल, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल (मामा "आरं आरं आरं" करत उठले होते), मग टास्क मॅनेजरमधेच फाईल, न्यू टास्क, तिथं एक्सप्लोरर टाईप करून एंटर. सगळं परत येतं आणि आयकॉन आपापल्या रूपात. हे जमत नसेल तर सरळ लॉग ऑफ करून परत या, तेच होतं.

कधी प्रोग्राम बरोबर उघडायला लागतो पण चित्रं जुनीच राहतात. ते दुखणं नाही, विंडोज आयकॉनांची चित्रं साठवून ठेवतं, तो साठा शिळा झालेला असतो. एकदा मशीन बंद-चालू करून बघा, बहुतेक वेळा एवढ्यानं जातं.

एवढं करूनही गेलं नाही तर

दोन जागा राहतात. एचकी करंट युजरमधेच सॉफ्टवेअर, त्याच्यात क्लासेस, तिथं डॉट एलएनके नावाची की आहे का बघा. साधारण नसते. असेल तर तीही एक्सपोर्ट करून डिलीट करा, कारण तुमच्या युजरची नोंद नेहमी सगळ्या मशीनच्या नोंदीला भारी पडते. दुसरी जागा म्हणजे सगळ्यात वरच्या एचकी क्लासेस रूटमधली डॉट एलएनके, तिथं उजवीकडं डिफॉल्टसमोर एलएनकेफाईल असं सलग लिहिलेलं पाहिजे. दुसरं काही असेल तर त्यावर डबल क्लिक करून एलएनकेफाईल टाईप करा. ही की डिलीट करायची नाही, फक्त बघायची आणि दुरुस्त करायची.

हे सगळं तुमच्याच युजरपुरतं आहे की मशीनचंच दुखणं आहे ते ओळखायची सोपी युक्ती म्हणजे दुसरं युजर अकाउंट काढून त्यात लॉग इन करा. तिथं शॉर्टकट नीट चालले तर गडबड करंट युजरमधेच, म्हणजे वर सांगितलेल्या पहिल्या दोन जागा.

नेटवर काही जण कमांड प्रॉम्प्टमधे असॉक कमांड मारायला सांगतात, डॉट एलएनके कुणाला जोडलंय ते बघायला. मारा, पण त्यावर विसंबू नका, ती कमांड युजरचॉइसकडं बघतच नाही. मामांच्या मशीनवर ती एलएनकेफाईल असं छान उत्तर देत होती आणि स्क्रीनभर शंकू उभे होते.

तयार दुरुस्तीच्या रेज फाईलपण मिळतात, डबल क्लिक केलं की झालं. वापरायला हरकत नाही, पण आधी राईट क्लिक करून एडिट करा, नोटपॅडमधे उघडेल, आत काय काय लिहिलंय ते वाचा. डॉट एलएनके सोडून बाकी पंचवीस ओळी असतील तर सोडून द्या.

अजून एक, आयकॉनवरचा बाण आवडत नाही म्हणून काही पोरं रजिस्ट्रीत एलएनकेफाईलमधली इजशॉर्टकट नावाची ओळ उडवतात. बाण जातो, आणि त्याच्याबरोबर विंडोज १०-११ मधे टास्कबारला पिन करणं आणि विंडोज-एक्स चा मेनू पण बिघडतो. तसं केलं असेल तर एचकी क्लासेस रूटमधे एलएनकेफाईल उघडून तिथं इजशॉर्टकट नावाची मोकळी स्ट्रिंग परत तयार करा, तिच्यात काही लिहायचं नाही.

एकच शॉर्टकट बिघडलाय

इथं रजिस्ट्री नको. आयकॉनवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, शॉर्टकटचा टॅब. तिथं टार्गेट म्हणून एक ओळ असते, तीच खरी चिठ्ठी. आयकॉनखालचं नाव काहीही असू शकतं, कुणी टॅलीच्या आयकॉनला "पेंट" नाव दिलं तरी तो टॅलीच उघडणार, म्हणून नावाकडं बघायचं नाही, टार्गेट वाचायचं. दुकानात एकाच सॉफ्टवेअरची जुनी आणि नवी अशी दोन व्हर्जन असतात तिथं हे फार होतं, नवी टाकली पण डेस्कटॉपवरची चिठ्ठी जुन्या फोल्डरचीच, मग "नवीन उघडतच नाही" म्हणून बोंब.

टार्गेट चुकीचं असेल तर दुरुस्त करत बसण्यापेक्षा शॉर्टकट डिलीट करा (चिठ्ठीच जाते, प्रोग्राम नाही), खऱ्या प्रोग्रामच्या फोल्डरमधे जाऊन त्याच्यावर राईट क्लिक, सेंड टू, डेस्कटॉप. विंडोज ११ मधे सेंड टू बघायला आधी "शो मोअर ऑप्शन्स" दाबावं लागतं. हातानं टार्गेट लिहायचंच असेल आणि फोल्डरच्या नावात जागा असेल, जसं प्रोग्राम फाईल्स, तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हात टाका, नाहीतर विंडोज जागेपाशी ओळ तोडू शकतं.

टार्गेटच्या खाली स्टार्ट इन म्हणून एक रकाना असतो, त्याकडं कुणी बघत नाही. सोसायट्या, पतसंस्था, दूध डेअऱ्यांकडं अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधे बनवलेली सॉफ्टवेअर चालतात, ती बऱ्याचदा स्टार्ट इनमधे जो फोल्डर लिहिलाय त्यातलाच डेटा उचलतात. प्रोग्राम तोच उघडतो पण आत भलत्याच वर्षाचा किंवा भलत्याच शाखेचा हिशोब, किंवा कोरंच. लोक म्हणतात डेटा उडाला. डेटा जागेवर असतो, शॉर्टकट नवा करताना स्टार्ट इन बदललेलं असतं. जुन्या मशीनचा स्टार्ट इन एकदा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, दोन सेकंदाचं काम आहे.

पुरात भिजलेली मशीनं

ऑगस्ट २०१९ आणि परत जुलै २०२१ ला शाहूपुरी, लक्ष्मीपुरी भागात पाणी आलं तेव्हा किती दुकानांचे सीपीयू गेले ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ज्यांच्या हार्ड डिस्क वाचल्या त्यांनी त्या नवीन मशीनला जोडल्या, आणि शॉर्टकटची कॉपी करून घेतली, आणि काहीच उघडेना, किंवा दुसरंच उघडायला लागलं. कारण जुन्या मशीनवर जी डी होती ती नव्यावर ई किंवा एफ झाली, आणि चिठ्ठीवर पत्ता डीचाच. नव्या मशीनच्या डीवर त्याच नावाचा फोल्डर असला तर तिथलं उघडणार.

यावर प्रत्येक शॉर्टकट बदलत बसू नका. स्टार्टच्या बटनावर राईट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. नव्या मशीनची डी आणि तुमची जुनी डिस्क दोन्ही दिसतील. नव्या डीवर राईट क्लिक करून "चेंज ड्राईव्ह लेटर" मधून तिला दुसरं अक्षर द्या, मग जुन्या डिस्कला डी द्या. मात्र नव्या डीवर आधीच काही प्रोग्राम टाकलेले असतील तर त्यांचे शॉर्टकट बिघडतील, त्यामुळं हे मशीन घेतल्या घेतल्या करा. सी ला हात लावायचा नाही, कधीच नाही.

आणि प्रोग्रामची नुसती फोल्डर कॉपी करून तो चालेलच असं नाही, काही चालतात, बाकीचे नव्यानं इन्स्टॉल करावे लागतात. तो दोष शॉर्टकटचा नाही.

फाईल भलत्यात उघडते, प्रोग्राम नव्हे

डेस्कटॉपवर सातबाराची पीडीएफ ठेवलीय आणि ती दाबली की वर्ड उघडून अगम्य अक्षरं दिसतात, हे वेगळं. इथं शॉर्टकट बरोबर आहे, पीडीएफ कशात उघडायची ती नोंद बदललीय. पीडीएफवर राईट क्लिक, ओपन विथ, चूझ अनदर अॅप, पाहिजे तो रीडर निवडा आणि इथं मात्र "ऑल्वेज" करायचंच. किंवा सेटिंग्ज, अॅप्स, डिफॉल्ट अॅप्स, विंडोज ११ मधे त्या पानावर वरच्या रकान्यात डॉट पीडीएफ टाईप केलं की लगेच दाखवतं. हे दुखणं एवढंच.

इंटरनेट एक्सप्लोरर दाबला की एज उघडतो, हा फोन मला महिन्याला एक तरी येतो, विशेषतः टेंडर भरणारे आणि डिजिटल सिग्नेचरचा डोंगल वापरणारे यांच्याकडून. हा बिघाड नाही. विंडोज १० वरचा इंटरनेट एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला निवृत्त केला, आणि फेब्रुवारी २०२३ मधे पक्का बंद केला, त्यानंतर तो आयकॉन एजकडंच पाठवतो. जुनी साईट त्याच्याशिवाय चालतच नसेल तर एजच्या सेटिंगमधे डिफॉल्ट ब्राऊझरमधे जाऊन इंटरनेट एक्सप्लोरर मोडला परवानगी द्या, एज बंद करून चालू करा, साईट उघडा आणि तीन टिंबांच्या मेनूतून ती त्या मोडमधे रीलोड करा. जुना आयकॉन परत आणायच्या नादात कुठलं तरी सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका.

पेनड्राईव्हमधलं सगळं शॉर्टकट झालंय

झेरॉक्स-प्रिंटच्या दुकानात पेनड्राईव्ह लावून आणला आणि घरी बघतो तर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट. हा व्हायरस, आणि अॅडमिशनच्या फॉर्मच्या दिवसांत तर साथच असते. त्यानं तुमचे खरे फोल्डर लपवलेले असतात आणि त्याच नावाच्या चिठ्ठ्या बनवलेल्या असतात. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतो खरा, पण त्याच्या आधी व्हायरस तुमच्या मशीनमधे उतरतो. म्हणून डबल क्लिक नाही, राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमधे टार्गेट वाचा. "बारावी मार्कलिस्ट" नावाच्या चिठ्ठीचं टार्गेट जर सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्टनं सुरू होत असेल तर कळलं काय ते.

आधी मशीनवर पूर्ण अँटिव्हायरस स्कॅन, विंडोज १०-११ मधला डिफेंडर पुरतो, त्यात ऑफलाईन स्कॅन आहे तो पण करा. मग पेनड्राईव्हवरचे नुसते शॉर्टकट डिलीट करा. मग रनमधे सीएमडी टाकून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि अॅट्रिब कमांड मारा, ए टी टी आर आय बी, मग एक जागा सोडून वजा एच, जागा, वजा आर, जागा, वजा एस, जागा, पुढं झुकलेली तिरकी रेघ आणि एस, जागा, तसलीच रेघ आणि डी, जागा, शेवटी पेनड्राईव्हचं अक्षर, कोलन, मागं झुकलेली रेघ, फुली, टिंब, फुली. फुली म्हणजे आठच्या बटनावरची चांदणी. अक्षर नीट बघून टाका, चुकून सी टाकाल तर विंडोजच्या लपवलेल्या फाईली उघड्या पडतील. एंटर मारून थांबा, पेनड्राईव्ह भरलेला असेल तर वेळ लागतो. तुमचे फोल्डर परत दिसतील, त्यांच्याबरोबर एखादी अनोळखी स्क्रिप्टची फाईल पण दिसेल, ती उघडायची नाही, उडवायची.

याचाच भाऊ म्हणजे ब्राऊझर उघडला की भलतीच साईट येणं. ब्राऊझरच्या शॉर्टकटचं टार्गेट बघा, प्रोग्रामचा पत्ता संपल्यावर मागं एखाद्या साईटचा पत्ता चिकटवलेला असतो. तेवढा शेपूट काढा, अप्लाय करा. टास्कबारवरचा, स्टार्टमधला आणि डेस्कटॉपवरचा असे तीन वेगळे शॉर्टकट असतात, तिन्ही बघा.

सगळे प्रोग्रामच एकात उघडतायत

रनमधून पण काही धड उघडत नाही असं असेल तर डॉट ईएक्सईची नोंद बिघडलीय. रेजएडिट पण उघडणार नाही, कारण तो पण ईएक्सईच. कंट्रोल-शिफ्ट-एस्केपनं टास्क मॅनेजर मात्र येतो. विंडोज ७ आणि १० मधे फाईल मेनूतल्या न्यू टास्कवर कंट्रोल दाबून धरून क्लिक केलं की थेट कमांड प्रॉम्प्ट मिळतो, आणि तिथून रेजएडिट टाईप केलं तर चालतं. मग वरचाच रस्ता, फाईलएक्स्ट्समधे डॉट ईएक्सई, त्याच्यातली युजरचॉइस उडवा. क्लासेस रूटमधल्या डॉट ईएक्सईचं डिफॉल्ट ईएक्सईफाईल असं सलग पाहिजे. हे जमलं नाही तर सिस्टीम रिस्टोअर करून चार दिवस मागच्या तारखेला जा, रजिस्ट्री मागं जाते, तुमची कागदपत्रं तशीच राहतात, फक्त त्या चार दिवसांत टाकलेले प्रोग्राम परत टाकावे लागतात. हे बऱ्याचदा व्हायरसमुळं होतं, त्यामुळं दुरुस्तीनंतर स्कॅन सोडू नका.

आणि दुकानात जे मशीन चार हात वापरतात तिथं कामाच्या पोरांना वेगळं साधं युजर अकाउंट काढून द्या, अॅडमिनचं नको. युजरचॉइस ज्याच्या त्याच्या अकाउंटपुरती असते, त्यानं स्वतःचे शॉर्टकट बिघडवले तरी तुमचे राहतात. मामांच्या दुकानातला पोरगा कुस्तीचं मैदान बघायला व्हिडिओ उघडत होता त्या भानगडीत हे सगळं झालं होतं, "मी फकस्त ओके दाबलं ओ" म्हणत होता, आणि ते खरंच होतं.

आता ती फजिती. दुरुस्तीच्या दिवशी मी एक्सपोर्ट केलेली फाईल मामांच्या डेस्कटॉपवरच ठेवली, नाव दिलं "एलएनके जुनी". आठव्या दिवशी फोन, "भाच्या, टोप्या परत आल्यात." विचारलं काय केलं, तर म्हणाले ही कसली नवीन फाईल म्हणून दोनदा दाबली, येस का नो विचारलं, येस केलं. म्हणजे बिघडलेल्या नोंदीची प्रत त्यांनी स्वतःच्या हातानं परत रजिस्ट्रीत घातली. परत युजरचॉइस उडवली, परत एक्सप्लोरर सुरू केला, आणि ती फाईल पेनड्राईव्हवर घेऊन मामांच्या मशीनवरनं काढून टाकली. तुम्ही ठेवाल तेव्हा नावातच "दाबू नका" लिहा, आणि आठवडाभर सगळं नीट चाललं की डिलीट करा.